दुसरं उठलं

आमच्या खोऱ्यात कुणी तोंडावर खोटं बोललं तर त्याला खोटारडा म्हणत नाहीत. "हो हो, दुसरं उठलं असेल!" म्हणतात. पोरगं शाळा बुडवून पोट दुखतंय म्हणालं, की आई म्हणते, "दुसरं उठलं वाटतं?" आमचे पाद्रीबाबासुद्धा एकदा प्रवचनाच्या भरात हे बोलून गेले आणि अख्खं चर्च खिदळलं. मागच्या बाकावरचा एकच माणूस हसला नाही. तो माझा दीर, डेलमर. ही म्हण त्याच्यावरूनच पडलेली. त्या रविवारनंतर तो चर्चला फिरकला नाही.

झालं होतं ते असं. वीसेक वर्षं होऊन गेली त्याला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा सोमवार, हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. आमच्या या पेनसिल्वेनियाच्या डोंगरात त्या दिवशी शाळा बंद, आरागिरणी बंद, न्हाव्याचं दुकानसुद्धा बंद. जो तो नारिंगी जाकीट चढवून सरकारी रानात. सरकारी रान कुणाच्या बापाचं नाही आणि सगळ्यांच्या बापाचं आहे, पण नियम मात्र कडक. मादी मारायची तर सरकारी सोडतीत नावाची चिठ्ठी उठावी लागते, आणि उठली तर माणशी टॅग, म्हणजे नंबराचा बिल्ला, एकच. एक टॅग, एक हरीण. पडल्या जागेवरून हलवायच्या आत टॅग त्याच्या कानाला बांधायचा.

माझा नवरा ऑरिन शुगर कॅम्प नावाच्या डोंगरधारेवरून उतरत होता. खाली त्याला धाकटा भाऊ दिसला. डेलमर दोन मेलेल्या माद्यांच्या मधे उभा होता आणि हातात टॅग एक.

"ऑरिन, देवाशपथ सांगतो," डेलमर म्हणाला, "मी एकच मारलं. ते पडलं, परत उठलं, म्हणून परत मारलं. जवळ येऊन बघतो तर पहिलं तिथंच. ते उठलंच नव्हतं रे. दुसरं उठलं होतं."

ऑरिन तडक खाली गेला, गेटापाशी शिकारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनची गाडी उभी होती, आणि त्यानं सांगून टाकलं.

आता यातली मेख बघा. चुकून जास्त हरीण पडलं आणि मारणाऱ्यानं आपण होऊन आधी कळवलं, तर ती चूक धरतात. हरीण जप्त होतं, थोडा दंड होतो, संपलं. पण दुसऱ्या कुणी आधी सांगितलं, तर ती चोरी. डेलमरचं लायसन्स गेलं. बापाची रायफल त्याच्याकडे होती, ती गेली. कोर्टात त्यानं तेच वाक्य सांगितलं, तेव्हा खुद्द मॅजिस्ट्रेट हसला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य खोऱ्यातल्या पोराटोरांच्या तोंडी होतं.

माझा नवरा असाच आहे. नियम म्हणजे नियम. रस्त्यावर पडलेलं दुसऱ्याच्या झाडाचं सफरचंद उचलणार नाही. अशा माणसाशी संसार म्हणजे रोजची परीक्षा, आणि पेपर तपासणाराही तोच! मी त्याला एकदाच म्हटलं होतं, "सख्खा भाऊ होता रे." तर म्हणाला, "दोन हरणं मारून एक वाटलं, असं होतं का कधी? आंधळा आहे का तो?" मग तो विषय आमच्या घरात कायमचा मिटला. डेलमरचं घर सरकारी रानाच्या गेटाच्या अगदी अलीकडे. त्यावरून जायची वेळ आली की ऑरिन मान दुसरीकडे वळवायचा. इतकी वर्षं वळवून ती मान त्या बाजूला लवकर वळते, असं मी त्याला चिडवायचे.

मागच्या हिवाळ्यात आरागिरणीत कामावर असताना ओंडक्यांच्या गाडीवरचा साखळदंड तुटला आणि ओंडका ऑरिनच्या कमरेवर आला. जीव वाचला, खुबा गेला. तेव्हापासून तो काठीवर आहे. आरागिरणीनं हात झटकले. मी शाळेच्या खानावळीत भांडी घासते, त्यावर घर चालतं. चालतं म्हणजे रांगतं. उन्हाळा सरेपर्यंत डीप फ्रीझर रिकामा झाला. झाकण उघडलं की तळाला वाटाण्याची पिशवी आणि बर्फ. आमच्यासारख्यांचा हिवाळा हरणावर निघतो. एक चांगलं हरीण असलं तर मार्चपर्यंत दुकानातलं मटण बघायला लागत नाही. आणि ऑरिनला तर अंगणातला उतारसुद्धा चढवत नव्हता.

पांगळ्या माणसाला वेगळं परमिट मिळतं. गेटातून गाडी आत न्यायची, ठरलेल्या जागी उभी करायची, इंजिन बंद, आणि गाडीत बसून मारायचं. बरोबरच्या माणसानं हरीण ओढून आणायचं, पण बंदुकीला हात लावायचा नाही. त्यासाठी डॉक्टरची सही लागते. डॉक्टर म्हणजे कालचं पोर. ते म्हणालं, "जरा चालून दाखवा." ऑरिन भिंतीपर्यंत गेला, परत आला. "काठीशिवाय?" डॉक्टर म्हणाला. ऑरिन काठीशिवाय निघाला, मधेच टेबलाला धरून उभा राहिला, आणि पँट घसरायला लागली म्हणून दुसऱ्या हातानं पट्टा धरला. ओंडका पडल्यापासून तो फार वाळला होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. काय बघत होते कोण जाणे, समोर नुसती भिंत होती.

परमिट आलं ते त्यानं चमच्यांच्या खणात चमच्यांखाली घातलं. "लंगड्याचा परवाना," म्हणाला, "तो काचेला लावून मी गावातून जाणार नाही."

"मग खायचं काय? तुझा अभिमान भाजून देऊ? कांदा घालून?"

मादीची चिठ्ठी त्याच्या नावानं उठली, तेव्हा कुठं तो मऊ झाला.

पहिल्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आम्ही निघालो. पिकअप मी चालवत होते. डेलमरच्या शेडात दिवा होता. तो करवतींना धार लावून देतो, त्यावरच त्याचं चालतं. शिकारीला तो पुन्हा गेला नाही. पाच वर्षांनी लायसन्स परत मिळत होतं, पण त्यानं अर्जच केला नाही. आमची गाडी बघून कुत्रं भुंकलं. डेलमर दारात आला. ऑरिननं सवयीप्रमाणं मान वळवली.

गेटापाशी व्हर्न आणि त्याची टोळी चालत निघालेली. हा व्हर्न आमचा शेजारी, तोंडाळ नंबर एक. काचेवरचं परमिट त्यानं वाकून वाचलं.

"अरे वा, ऑरिन! बग्गीतून? नवरदेव निघाला काय?"

"व्हर्न," मी म्हटलं, "गेल्या साली एवढा डोंगर चढून तू काय आणलंस? सर्दी!"

टोळी हसली. ऑरिन हसला नाही. काठी दोन्ही गुडघ्यांत धरून समोर बघत बसला.

सरकारनं जिथं हरणांसाठी क्लोव्हरचं गवत पेरलंय, त्या माळाच्या कडेला आम्ही गाडी लावली. इंजिन बंद केलं. काच खाली केली आणि थंडी आत येऊन मांडीवर बसली. माळावर पांढरं दव गोठलेलं. पलीकडे एक उतार, त्यात कमरेएवढं वाळलेलं गवत आणि नेचे, आणि त्यामागं हेमलॉकची काळी झाडी. ऑरिननं गोळ्या भरल्या, रायफल खिडकीवर टेकवली. थोड्या थोड्या वेळानं तो कूस बदलायचा आणि दातांतून श्वास घ्यायचा. मी थर्मासमधली कॉफी त्याच्या हातात दिली. बोटं इतकी गारठली होती त्याची की झाकण मलाच फिरवावं लागलं.

"आपल्यासारखी म्हातारी माणसं घरी असतात या वेळी," मी म्हटलं.

"हळू. येतंय."

हेमलॉकमधून एक मादी आली. चांगली भरलेली. दोन पावलं चालायची, थांबायची, कान फिरवायची. उतारावरच्या गवतात शिरून ती आडवी उभी राहिली. मी दुर्बीण डोळ्याला लावली. ऑरिनचा श्वास थांबला आणि गोळी सुटली.

ती जागच्या जागी बसली. गवतात दिसेनाशी झाली. मी देवाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच जागी, त्याच नेच्यांतून, डोकं वर आलं.

"उठलं!" मी ओरडले. "ऑरिन, उठलं ते! मार, मार!"

त्यानं रायफलचा बोल्ट ओढला आणि मारलं. डोकं खाली गेलं. गवत एकदा हललं आणि निवांत झालं.

"दोन लागल्या," ऑरिन खट्टू होऊन म्हणाला. "हात गेला माझा."

"असू दे. मटण तेवढंच."

आमच्याकडे लोक गोळ्यांचे आवाज मोजत बसतात. एक गोळी, हरीण. दोन, बघू. तीन, बोंबला. वरच्या धारेवरून व्हर्ननं हाळी दिली, "ऑरिन! पडलं का?" मी हात हलवला. टॅग, दोर आणि सुरी घेऊन मी निघाले. दव वितळून पँट मांडीपर्यंत भिजली, पण खरं सांगते, मी गुणगुणत होते. फ्रीझरमध्ये काय कुठं ठेवायचं, याचा हिशेब चालला होता.

मादी उजव्या कुशीवर पडली होती. डोळा उघडा. भोकातून वाफ निघत होती. भोक एकच. मी वाकले, तिचा कान धरला. अजून गरम होता. टॅगची दोरी ओवली. आणि कानाच्या पलीकडे, नेच्यांत, मला एक पाय दिसला.

मादीचे चारी पाय माझ्या बाजूला होते.

मी नेचे बाजूला केले. त्या वर्षीचं पिल्लू, नर. कपाळावर शिंगांचे कोंब, कातड्याखालून नुसते हाताला लागणारे. मानेत गोळी. आईच्या पाठीशीच चरत असणार. आवाज झाला तसं त्यानं डोकं वर काढलं आणि मी ओरडले, उठलं. मी ओरडले!

मी तिथं ओल्यातच बसले. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात, पण ही अशी? माझ्या डोक्यात दुसरा शब्द येईना. तीच म्हण, तीच म्हण. पोरं शाळेत म्हणतात ती, पाद्रीबाबा म्हणाले ती. मी मोठ्यानं म्हणून बघितलं, "दुसरं उठलं," आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

मी टॅग बांधत नाही, ओरडत नाही, म्हणून ऑरिन काठी टेकत निघाला. माळाच्या मधे एकदा पडला. मी उठले नाही. मला उठताच येईना. तो आला, घामानं डबडबलेला, आणि बघत उभा राहिला. एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग परत पहिल्याकडे. जवळच्या बुंध्यावर तो हळूहळू बसला. मग म्हणाला, "धाकटं त्या झुडपात ओढ."

"काय?"

"ओढ म्हणतोय ना. वर पाला टाक. कोल्हे खातील रात्रीत."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला कधी परका वाटला नव्हता. त्या क्षणी वाटला.

"ऑरिन, हे तू बोलतोयस?"

"मग काय सांगू वॉर्डनला?" तो एकदम ओरडला. "तूच सांग ना, आर्डिथ! कुठल्या शब्दांत सांगू? एकच वाक्य आहे त्याला. अख्ख्या देशात एकच वाक्य आहे, आणि ते बोललो की सगळं खोरं हसेल. लंगडा तर झालोच आहे, आता चोरही होऊ?"

"डेलमरनं लपवलं होतं?"

तो काठीच्या टोकानं गवत उकरायला लागला.

"मी विचारतेय. तू धारेवरून उतरलास तेव्हा त्यानं एक तरी झुडपात ओढलं होतं का?"

"नाही," ऑरिन म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं काठी मातीत रोवली. "उघड्यावर उभा होता. माझी वाट बघत असल्यासारखा. म्हणाला, मी आता घरी जाऊन वॉर्डनला फोनच करणार आहे. तू इथं थांब, म्हणाला, हरणांपाशी."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, बनाव करतोय. मी पुढं निघून गेलो."

वर धारेवर काटक्या मोडल्याचा आवाज आला. व्हर्नची टोळी खाली निघाली होती. दोन गोळ्या ऐकून कोण थांबतंय? ती येऊन बघणार, आणि व्हर्नच्या पोटात तर काही राहत नाही, पाणी उकळायच्या आत बातमी बाहेर. आधी तो बोलला, की मग ऑरिन चोर. लायसन्स गेलं, परमिट गेलं, रायफल गेली. फ्रीझरचं तर नावच नको. आमच्या त्या खोलगट भागात मोबाइल लागत नाही.

"चावी कुठंय?" मी विचारलं आणि मलाच आठवलं, चावी माझ्या खिशात होती.

"आपल्या घरी जा फोनला."

"आपलं घर पार पुलापलीकडे. डेलमरचं इथं गेटाशी आहे."

"तिथं नको!" ऑरिन उठायला गेला आणि परत बसला. "आर्डिथ, तिथं नको. तो आधी सांगेल."

"सांगू दे की. हक्क आहे त्याचा," मी म्हटलं आणि निघाले. रागानं म्हटलं, पण गाडीपर्यंत जाता जाता राग उतरला आणि नुसती भीती राहिली.

डेलमर शेडात करवतीची साखळी शिकंज्यात धरून कानस मारत होता. दुकानात वगैरे दिसला की मी "कसा आहेस" म्हणायचे आणि तो "आहे" म्हणायचा, एवढंच आमचं बोलणं. मला दारात बघून त्याचा हात थांबला. मग त्याचं लक्ष माझ्या बाहीवरच्या रक्ताकडे गेलं आणि कानस त्याच्या हातून खाली पडली.

"ऑरिन?" तो म्हणाला. तोंड पांढरंफटक. "गोळी लागली?"

"नाही नाही, तो बरा आहे. त्याला काही झालं नाही." मला रडू फुटलं. इतकी वर्षं ज्यानं मान वळवली, त्याच्यासाठी हा पांढरा पडला होता. "मला फोन पाहिजे, डेलमर. वॉर्डनला करायचाय."

"का?"

"दोन पडली. टॅग एकच आहे."

"दोन कशी पडली?"

आता काय सांगू? मी बाहीनं नाक पुसलं. "एक पडलं," मी म्हटलं, "आणि मग दुसरं उठलं."

त्याचा चेहरा बघवेना. आधी काहीच नव्हतं त्यावर, मग कानांपर्यंत लाल झाला.

"एवढ्यासाठी आलीस?" तो हळूच म्हणाला. "हंगामाचा पहिला दिवस, म्हणून? पोरं रस्त्यावरून ओरडतात ते मी ऐकून घेतो, आर्डिथ. पण तू माझ्या दारात येऊन..."

"देवाशपथ सांगते!" मी किंचाळले. "मी दुर्बिणीतून बघितलं. मीच ओरडले, उठलं, मार म्हणून. पिल्लू होतं आईमागं. डेलमर, मी या डोळ्यांनी बघितलं!"

तो मला ओलांडून घरात गेला. मी मागोमाग. फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता. त्यानं रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवायला लागला. कुठं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. नंबर पाठ. वाटलं, झालं, फिटलं. वीस वर्षांनी फिटलं. आणि मला त्याचा हात धरायचं धाडससुद्धा होईना. कुठल्या तोंडानं धरणार?

पलीकडे घंटा वाजायला लागली. डेलमरनं रिसीव्हर माझ्यापुढं केला.

"तू बोल," तो म्हणाला. "आधी आपणच सांगायचं असतं. नवऱ्याच्या नावानं सांग, त्यानं पाठवलंय म्हण."

मी बोलले. काय बोलले आठवत नाही. हरणं हलवू नका, येते, असं पलीकडून सांगितलं. फोन ठेवला तर डेलमर खिडकीपाशी पाठमोरा उभा होता.

"तुला नंबर पाठ कसा?" मी विचारलं.

"त्या दिवशी धारेवरून खाली येईपर्यंत घोकत आलो होतो," तो म्हणाला. "घरी पोचलो तर वॉर्डन अंगणात."

तो गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. चल म्हटलं नव्हतं, तरी आला.

माळावर पोचलो तेव्हा व्हर्नची टोळी हरणांभोवती कोंडाळं करून उभी होती आणि मधे बुंध्यावर ऑरिन, मान खाली. व्हर्नला तर आनंद मावेना.

"काय रे ऑरिन," तो म्हणत होता, "दुसरं उठलं वाटतं?"

सगळे खो-खो हसले. मग कुणाला तरी डेलमर दिसला आणि हसणं एकेक करून बंद पडलं. ऑरिननं वर बघितलं. दोघा भावांची नजर इतक्या वर्षांनी समोरासमोर आली आणि दोघांनाही ती कुठं ठेवावी कळेना. डेलमर पुढं झाला. दोन्ही हरणांच्या मधे गुडघ्यांवर बसला. मादीच्या मानेवर हात ठेवला, मग पिल्लाच्या. दबलेलं गवत बघितलं. तसाच बसून राहिला.

वॉर्डन आली. कीफर नावाची तरणी पोरगी, आमच्या भागात नवीन. तिला म्हण माहीत नव्हती, हे एक नशीब. तिनं ऑरिनला विचारलं, "तुम्ही कळवायला पाठवलंत? काय झालं, सांगा."

ऑरिननं ओठ ओले केले. "मादी मारली. ती पडली. त्याच जागी डोकं वर आलं. मला वाटलं, तीच. बाई, मला खरंच तीच वाटली." तो थांबला. त्यानं एकदा व्हर्नकडे बघितलं. "दुसरं उठलं होतं," तो म्हणाला.

व्हर्नच्या टोळीत कुणीतरी फसकन हसलं. कीफरनं तिकडं बघितलं, मग गाडीपर्यंत गेली, रिकामी काडतुसं पाहिली, तिथून गवताकडे नजर लावून वाकली, परत आली.

"होतं असं," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली, पाऊस येतो असं म्हणावं तसं. "दर हंगामात एक-दोघांचं होतं. तुम्ही आधी कळवलंत, मी चूक धरते. पिल्लू मी नेणार. मादीला टॅग बांधा, ती तुमची."

फ्रीझर वाचला होता, लायसन्स वाचलं होतं. मला हुश्श व्हायला पाहिजे होतं. पण मी डेलमरकडे बघत होते. तो जमिनीवरून तिच्याकडे मान वर करून बघत होता, तोंड उघडं.

"काय म्हणालात?" त्यानं विचारलं. "होतं असं?"

"होतं की. नेहमीचंच आहे."

"म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो," डेलमर म्हणाला.

कीफर गोंधळून आमच्याकडे बघायला लागली.

"सगळे इतकं म्हणायचे," डेलमर तिलाच सांगत होता, कारण तिथं तिच्याशिवाय तो कुणाला सांगणार? "आधी मी भांडायचो. मग वाटायला लागलं, एवढी माणसं म्हणतात, तर असेल. डोळे मिटले की मला दिसायचं, पहिलं पडलंय, मला ते पडलेलं दिसतंय, आणि मी मुद्दाम दुसऱ्यावर नेम धरतोय. स्पष्ट दिसायचं. मी मनाशी कबूल करून टाकलं होतं, बाई. कधीचंच. मी चोरच आहे म्हणून."

माणसाचं लायसन्स काढून घेतलं, रायफल काढून घेतली, हे मला ठाऊक होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा आम्ही त्याच्याकडून काढून घेतलं होतं! आणि ते कुणी, तर भांडी घासता घासता, शाळेच्या वाटेवर, चर्चमध्ये, हसत हसत.

"डेलमर," ऑरिन म्हणाला.

"पुन्हा सांग," डेलमर म्हणाला.

"काय?"

"आता यांना सांगितलंस ते. पहिल्यापासून सांग. मला ऐकायचंय."

ऑरिन उठला. मी आधार द्यायला गेले तर त्यानं नको म्हणून हात केला. काठीवर भार टाकून सरळ उभा राहिला. नारिंगी टोपी काढली. डोक्यावरचे चार केस घामानं चिकटलेले. व्हर्न पाय मागं घेत होता, त्याला तो म्हणाला, "थांब, व्हर्न. तूही ऐक."

मग तो वॉर्डनकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"त्या साली, हंगामाच्या पहिल्या दिवशी, शुगर कॅम्पच्या धारेखाली माझ्या भावानं एक मादी मारली," ऑरिन म्हणाला. "ती पडली. आणि दुसरं उठलं."